घंटागाडीवर वैजयंतीबाई

"मले एवढंच म्हनाचं हाये न? ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"एवढंच, बाई. पन तुमच्या त्या टीव्हीवाल्या आवाजात," पंजाबराव म्हणाला. वाशिमजवळच्या मालेगावातल्या घंटागाडीचा ठेका त्याच्याकडे होता. गाडी रोज गल्लीगल्लीतून फिरायची, पण लोक दारात यायचे नाहीत. बाईंचा आवाज ऐकून तरी येतील, अशी त्याची आशा होती.

एकेकाळी त्या आवाजासाठी गावं टीव्हीसमोर बसत. मालिकेत बाईंच्या भांडखोर शेजारणीनं नुसता पदर खोचला, की हशा सुरू व्हायचा. तिचं प्रत्येक वाक्य लिहायचे ते इंझोरी गावचे देवमन. चित्रीकरण चालू असलं की ते कॅमेऱ्याशेजारी उभे राहून बाईंबरोबर ओठ हलवायचे. मालिका संपली. मग बाईंना आधी सासूची कामं मिळाली, नंतर आजीची आणि शेवटी भिंतीवर हार घातलेल्या फोटोतल्या आजीची. तेव्हा त्या मुंबई सोडून मालेगावला माहेरच्या घरी परतल्या. देवमन त्याआधीच इंझोरीला सोयाबीन पेरायला लागले होते. फोनवर ते दरवेळी म्हणायचे, "एखांद्या दिवशी येतो, बाई."

पंजाबरावानं मोबाइल स्टुलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं, तोच बाहेर कुणीतरी हॉर्न बडवू लागलं. त्याची मोटारसायकल रस्त्यात आडवी होती. तो ती हटवायला धावला. बाई तयारीत उभ्या राहिल्या. सवयीनं त्यांची नजर देवमन जिथे उभे राहिले असते तिथे गेली. तिथे फक्त ओट्यावरचा मिक्सर होता. बाई त्या रिकाम्या जागेशी हळूच काहीतरी बोलल्या. पंजाबराव परतल्यावर त्यांनी कचऱ्याचं सगळं एका दमात म्हणून टाकलं. "वा बाई!" म्हणत त्यानं ते न ऐकताच गाडीवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडमागच्या गल्लीत गाडीचा भोंगा बोलू लागला, "तुमी असते तं या कचऱ्यातूनबी हसू काढलं असतं. येतो येतो म्हनता, अन् येत नाही. मी दुपारचं दार लावतच नाही जी. बसचा आवाज आला की केस नीट करते. लोकं हसतीन या वयात. हसू द्या, हसवाचाच तं धंदा होता आपला... ओला कचरा हिरव्या डब्यात टाका!"

बायका आधी रिकाम्या हातांनी बाहेर आल्या. नुसतं ऐकत उभं राहणं बरं दिसेना, म्हणून आत जाऊन डबे घेऊन आल्या. रुखमाबाईनं नवऱ्याला, गुलाबसिंगला, तिथेच धरलं.

"दुपारचं कुठी जाता तुमी?"

"पान खायाले."

"दात तं नाहीत तोंडात!"

गुलाबसिंगचं दुपारचं फिरणं त्या दिवसापासून बंद झालं. बाकीच्या घरांतही चौकश्या सुरू झाल्या. कुणीतरी तो आवाज मोबाइलवर उतरवून घेतला आणि तो वाशिमपर्यंत गेला.

गाडी बाईंच्या गल्लीत आली, तेव्हा त्या एकाच पायात चप्पल घालून धावल्या.

"बंद कर ते, पंजाबराव!"

"हात जोडतो, बाई. लोकं गाद्यातला जुना कापूस काढून आनून राह्यले! असा कचरा जिंदगीत भेटला नाही. आठवडाभर राहू द्या."

"आत्ता बंद कर!"

त्यानं बंद केलं. पण गावभरच्या मोबाइलांतून तो आवाज कोण काढणार? बाईंना दुकानात जायची चोरी झाली. माणसं हसत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना ते हसू नको होतं.

त्या आठवड्यातच दारावर थाप पडली. बाहेर देवमन उभे होते. वाळले होते, दम लागला होता, टोपी हातात होती. बाईंनी चौकट धरली. दुसरा हात आपसूक केसांवरून फिरला.

"कोनं लिवलं हे?" देवमननी विचारलं.

"काय?"

"गाडीवरचं! सारी इंझोरी ऐकून राह्यली. तुमचं एकएक वाक्य म्या लिवलं. आता दुसरा लेखक धरला, अन् मले सांगतलंबी नाही?"

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. "चांगलं लिवते काय तो?"

देवमननी मान खाली घातली. "माह्यापेक्षा चांगलं. ते 'केस नीट करते' मले सुचलं नसतं. म्हून तं झोप लागली नाही. कोन हाये तो?"

"कोनीच नाही, देवमनजी. ते कोनी लिवलंच नाही."

देवमनना समजायला वेळ लागला. समजलं, तसे ते पायरीवर खाली बसले.

"मंग... येतो येतो म्हनते, तो मानूस?"

"आला तो. अन् आल्याबरोबर भांडून राह्यला."

देवमन टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "मुंबई सुटल्यापासून एक ओळ सुचली नाही, बाई. लिवलेलं काही हातात नाही, अन् तुमच्याकडं कायले यावं? तुमी विचारलं असतं, काय आनलं, तं काय सांगतलं असतं?"

"असं असन, तं गप बसायले यायचं होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या.

देवमन गप्प बसले. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं, तरी ते गप्पच होते.

शेवटी बाईंनीच त्यांना कोपरानं ढोसलं. "आता पुरे झालं जी. काही तं बोला!"