नारिंगी गोळीचा गुण

खोटं बोलून ते तीन वर्षं टिकवायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे चिक्कार आहे! साठाव्या वाढदिवशी मी सगळ्यांसमोर सिगारेट सोडल्याचं जाहीर केलं. टाळ्या वाजल्या, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मी इमारतीमागच्या कचऱ्याच्या शेडजवळ आरामात धूर काढत होतो. गुन्सान शहरातल्या आमच्या वसाहतीत काच वेगळी, पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळं टाकावं लागतं. ते काम मी आपणहून अंगावर घेतलं आणि एकेक बाटली स्वतंत्र खेपेने नेऊ लागलो. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी ग्योंग-रानला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायच्या.

ग्योंग-रान रोज सकाळी टीव्हीवरच्या डॉक्टरांचं ऐकते. डॉक्टर ज्या गोळीचं कौतुक करतात, नेमकी तीच त्या वेळी शेजारच्या वाहिनीवर विकायला असते. याला ती योग म्हणते. छुसॉकच्या सणाआधी बीटा-कॅरोटीनचा योग आला. गाजर-भोपळ्यात असतं ते, कर्करोग जवळ फिरकत नाही म्हणे! सहा डबे आले. रोज जेवण झालं की मी एक नारिंगी गोळी गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं.

सणाला मुलगी दा-सुल आली. ती बुसानला नर्स आहे. डबे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. भाज्या खा हव्या तेवढ्या, ती म्हणाली, पण गोळ्यांवरच्या मोठ्या अभ्यासांत भलतंच दिसलं. सिगारेट ओढणाऱ्यांनी या गोळ्या घेतल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"मग आपल्याला कसली भीती?" ग्योंग-रान म्हणाली. "तुझ्या बाबांनी तर कधीच सोडली."

माझ्या घशात सणाचा तांदळाचा लाडू अडकला. आता एकतर खरं सांगून बायकोच्या हातून मरायचं, नाहीतर गप्प राहून गोळीच्या.

मी वर्तमानपत्रांतून गोळ्यांविरुद्धची कात्रणं जमवली. मी एक काढलं की ती गोळ्यांच्या बाजूची दोन काढायची. एक अभ्यास हो म्हणे, दुसरा नाही म्हणे, तिसरा म्हणे अजून अभ्यास हवा. आठवड्याभरात जेवणाच्या टेबलावर किमची ठेवायला जागा उरली नाही.

"अगं, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही," मी म्हणालो.

"नसू दे. या घरात माझं एकमत आहे."

शेवटी घाबरून मी सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. तिथे सिगारेट सोडवणारा विभाग आहे. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, दोन्ही सोडा. गोळीही आणि सिगारेटही."

"बाई, आमच्या घरी त्यातली सिगारेट सोडणंच सोपं आहे!"

मग मी गोळी दाढेमागे दडवायला शिकलो, आणि सिगारेट खरोखरच सोडली. सुकवलेला माकूळ चघळून चघळून जबडा दुखला. उगाचच लिफ्टशी भांडलो. सगळा कचरा एका खेपेत जाऊ लागला, तेव्हा माझं घरात लक्ष राहिलं नाही, अशी बायकोची कुरकुर सुरू झाली. पण सहा महिन्यांनी त्या बाईंच्या श्वासातला धूर मोजणाऱ्या यंत्रात फुंकलं आणि आकडा शून्य! प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाला. माझ्या लग्नातसुद्धा मी एवढा ताठ उभा नव्हतो. त्याच तोऱ्यात टॅक्सी करून घरी आलो आणि कागद बायकोच्या हातात दिला.

"वाच. मोठ्याने वाच."

तिने चष्मा लावला. "श्री. बोंग ते-शिक यांनी सहा महिने धूम्रपान वर्ज्य केल्याबद्दल..."

ती थांबली. माझाही तोरा तिथेच थांबला.

"सहा महिने?"

मी मान खाली घालून सगळं कबूल केलं. ग्योंग-रान बोटांवर महिने मोजू लागली. एकदा मोजले, पुन्हा मोजले. हळूहळू तिचा चेहरा उजळला आणि तिने फोन उचलला.

"दा-सुल? तुझे ते मोठे अभ्यास ठेव गुंडाळून. इतकी वर्षं सुटली नव्हती ती सिगारेट तुझ्या बाबांनी गोळी सुरू केल्याबरोबर सोडली!"

मी तिला अडवणार होतो. पण मनाशी जरा हिशेब करून पाहिला, तर बायको अगदी बरोबर बोलत होती.