दोराची विश्रांतीची वेळ

वेगात आलेली वस्तू कधी ना कधी थांबतेच. प्रश्न एवढाच, की कुठे. लढाऊ विमानांच्या बाबतीत नियमपुस्तिका सांगते, सत्तावीसशे मीटरच्या आत. आमच्या तळाची धावपट्टी एकवीसशे मीटर आहे. (उरलेले सहाशे मंजूर आहेत. मंजुरी फाईलमध्ये आहे. फाईल सुस्थितीत आहे.) त्या सहाशे मीटरवर सध्या एक वसाहत असून तिथली माणसं कमालीची देशप्रेमी आहेत.

कमी पडलेल्या लांबीवर उपाय म्हणून धावपट्टीच्या टोकाला आडवा पोलादी दोर आहे. ब्रेक गेलेल्या विमानानं शेपटीखालचा आकडा त्यात अडकवायचा, मग दोन्ही बाजूंचे, दोर गुंडाळलेले लोखंडी ढोल तो सोडत सोडत विमानाला थोपवतात. थोपवताना ते असे किंचाळतात, की बहिऱ्यानंही कानात बोटं घालावीत. म्हणून वसाहतीनं रीतसर अर्ज केला: देशाचं रक्षण अवश्य व्हावं, पण दुपारी एक ते चार सोडून. समितीनं वसाहतीत स्वतः तीन दुपारी झोपून पाहिलं आणि मागणी रास्त ठरवली. तेव्हापासून त्या वेळात दोर जमिनीला टेकवून यंत्राला कुलूप लावतात. वैमानिकांनी आणीबाणी शक्यतो सकाळी आणावी, असं परिपत्रकही निघालं. त्याचं पालन ब्याण्णव टक्के झालं, ही काही थट्टा नव्हे!

उरलेले आठ टक्के मंगळवारी दोन वाजून वीस मिनिटांनी आले. ब्रेक निकामी, आणि वैमानिक कोण, तर दोर सांभाळणाऱ्या आमच्या मास्तरांचा जावई. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले.

मास्तर धापा टाकत साहेबांच्या खोलीत शिरले. "साहेब, किल्ली द्या! जावई वर घिरट्या घालतायत."

"घालू द्या की चारपर्यंत."

"अहो, इंधन अकरा मिनिटांचं उरलंय!"

"मग अर्जाला दहा मिनिटं आहेत, मास्तर," साहेब म्हणाले, आणि कोरा फॉर्म पुढे केला. (पेनसुद्धा स्वतःचं दिलं. माणूस वाईट नाही.)

"लेकीला काय परिपत्रक दाखवू?" असं ओरडून मास्तर पळाले ते थेट यंत्रापाशी. एकवीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीत त्यांनी पहिल्यांदा नियम मोडला, तोही पहारीनं. दोर वर आला, आकडा अडकला, ढोल किंचाळले. विमान कुंपणाच्या भिंतीपासून नऊ फुटांवर थांबलं.

जावई उतरला. मास्तरांनी त्याला आधी घट्ट मिठी मारली, मग झापलं, "जावईबापू, ही काय यायची वेळ झाली?"

मास्तर आता निलंबित आहेत. आरोप दोन: कुलूप फोडणं आणि झोपमोड करणं. दुसऱ्या आरोपाला पुरावा म्हणून वसाहतीची तक्रार जोडली आहे, एकोणचाळीस सह्यांची. सोळावी सही तुमची आहे. भिंतीला लागून पहिलं घर तुमचंच ना?

जागे झालात म्हणून तर सही करता आली, असं एक वाक्य मास्तरांनी खुलाशात लिहिलं होतं. समितीनं ते असंबद्ध म्हणून खोडलं. कुलूप नवीन बसवलं आहे, चांगलं दणकट. तुम्ही झोपा निवांत.