उचकीचा सांभाळ

वेळंबी गावातली माणसं एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. तिचा कोड वाचनालयात सगळ्यांना खुला असतो. कुणीही बदल सुचवावा. गावाला पटला की पुढच्या सोमवारी तो सगळ्यांच्या अंगात उतरतो. सातव्या आवृत्तीत जांभई संसर्गजन्य राहिली नाही, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आठव्या आवृत्तीवरून मात्र गाव दुभंगलं. शिंक नव्याने लिहायची, गुडघे हलके करायचे आणि उचकी काढून टाकायची, असा प्रस्ताव होता. तो मांडला यशवंतराव नाचणकरांनी. पोस्टातून निवृत्त झालेला, विधुर, शर्टाचं सगळ्यात वरचं बटणही लावणारा हा माणूस.

"कुणी आठवण काढली की उचकी लागते, हा भाग फार जुना आहे," ते सभेत म्हणाले. "आता प्रत्येकाकडे फोन आहे. शिवाय त्याचा गैरवापर होतो."

"कोण करतं गैरवापर?" इंदुमतीबाई खांबेट्यांनी विचारलं.

यशवंतरावांनी हातातले कागद उलटसुलट केले. "सर्वसाधारणपणे होतो."

इंदुमतीबाई उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा शार्दूल रॉटरडॅमला असतो. "तो फोन करत नाही हो. पण रोज साडेचारला मला उचकी लागते. गेली तीन वर्षं मी तेवढ्यावरच काढलीयेत. ती नका काढून घेऊ."

मग कुणीतरी नियमावर बोट ठेवलं: जो आक्षेप घेईल, त्यानेच तो भाग सांभाळायचा. उचकी राहिली आणि बाईंच्या गळ्यात पडली.

काम सोपं होतं. वाचनालयात बसायचं, आलेल्या आठवणींची यादी बघायची, दोन्हीकडची नावं तपासून उचकी पुढे सोडायची. वेळंबीकर माणसांपेक्षा म्हशींचीच आठवण जास्त काढतात, हे बाईंना तिथे कळलं. म्हशी सिस्टीमवर नसल्याने त्या उचक्या परत जात.

पहिल्याच दिवशी साडेचारला यादीत त्यांचं स्वतःचं नाव आलं. आठवण काढणारा: यशवंत नाचणकर, पोस्टाची गल्ली.

बाईंनी मागची तीन वर्षं चाळली. रोज तेच नाव. रॉटरडॅमहून एकदाही नाही, दिवाळीतसुद्धा नाही. त्यांना फार वाईट वाटलं. यादीतली पुढची अकरा नावं ताटकळली आणि गावात अकरा माणसं उगाच घसा खाकरत बसली.

थोड्या वेळाने यशवंतराव आले आणि समोरच्या बाकावर बसले.

"कळलं असेल तुम्हाला."

"हो."

"मला तो गैरवापर थांबवता येईना. म्हणून म्हटलं, उचकीच काढून टाकू."

"अहो, मग आठवण काढणं थांबवायचं."

"त्याला सोय नाही. मी सगळा कोड तपासला."

बाईंनी गैरवापराच्या तक्रारीसाठी छापील कागद घेतला, तारीख घातली आणि शेऱ्यात लिहिलं: दोष मान्य. दुरुस्ती करू नये.

मग त्यांनी अडलेली उचकी सोडली. ती त्यांना लागली. यशवंतराव पाणी आणायला लगबगीने उठले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "बसा."