प्रवाससज्ज (स्थिर)

बुलारा गावापासून उत्तरेला सातशे किलोमीटरवर, वाळवंटात, एक खारा तलाव आहे. तो दहा-अकरा वर्षांतून एकदा भरतो. भरला की हजारो पेलिकन कुठूनकुठून येतात, पिल्लं काढतात, आणि पाणी आटलं की निघून जातात. पेलिकनांना त्यासाठी कुठलीही पूर्वतयारी करावी लागत नाही. लेस्टर पिंगेलला करावी लागे.

लेस्टरने नगरपालिकेत चौतीस वर्षं रस्त्यांवर ‘पुढे काम चालू आहे’ असे फलक लावले. निवृत्तीच्या दिवशी पालिकेने फलक परत घेतले. काम मात्र त्याच्या अंगणात चालू राहिलं. मागच्या खेपेला तलाव भरला तेव्हा गाडी तयार नव्हती. “पुढच्या वेळी नक्की,” असं त्याने बायकोला, डॉरीनला, सांगितलं होतं. यंदा पुढची वेळ आली. मधल्या काळात डॉरीन अठ्ठावन्नची एकोणसत्तर झाली होती.

“आता नाही गेलो, तर पुढच्या भरतीला मी ऐंशीची असेन, लेस,” ती म्हणाली. “तेव्हा पेलिकन मला बघायला येतील.”

“गाडी जवळजवळ तयार आहे,” लेस्टर म्हणाला.

हे खरं होतं. गाडी चांगली धट्टीकट्टी, चारही चाकांना ताकद असलेली होती. तिला काहीही करायची गरज नव्हती, आणि नेमकी तिथेच गोष्ट बिघडली. कारण गावातल्या स्वस्त दुकानात दर बुधवारी मधल्या फळ्यांवर काय विकायला येईल याचा नेम नसतो. त्या बुधवारी चीजच्या शेजारी गाडीत ठेवायचा फ्रिज आला, तोही निम्म्या किमतीत. दुकान साडेआठला उघडतं. लेस्टर सात वाजता रांगेत तिसरा होता.

फ्रिज आला म्हणजे दुसरी बॅटरी आली. नाहीतर पहिली उतरणार. दुसरी बॅटरी आली म्हणजे ती चार्ज करायला उन्हावर वीज बनवणारा सौर तक्ता आला. तक्ता ठेवायला छतावर सांगाडा हवा. बाजारातला सांगाडा महाग, म्हणून लेस्टरने पाहुण्यांच्या खोलीतला लोखंडी पलंग उलटा करून छतावर बसवला. पलंगावर जागा उरली, म्हणून छत्रीसारखं उघडणारं कापडी छप्पर आलं. मागचे खण त्याने स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं वापरून केले. तणनाशक फवारायच्या पिंपाचा शॉवर केला. इंजिनाला पुरातही श्वास घेता यावा म्हणून घराच्या पन्हाळीचा पाइप बॉनेटवरून वर नेला.

“पाऊस आला तर घराचं पाणी कुठे जाणार?” डॉरीनने विचारलं.

“आपण तेव्हा वाळवंटात असू,” लेस्टर म्हणाला.

दरम्यान रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की रेडिओवर तलावाची खबर येई. काठ चारशे मीटर आत सरकला. काठ आणखी सातशे मीटर आत सरकला. डॉरीन ती कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवी आणि शेजारी एक लहानसा पेलिकन काढी. पेलिकन रोज थोडा बारीक होत चालला होता.

एवढं सगळं चढल्यावर गाडी मागून बसली. लेस्टरने दणकट स्प्रिंगा घातल्या. गाडी मागून उठली आणि सात सेंटिमीटर उंच झाली. उंची पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली तर वाहनबदल कक्षाचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी वजनाची चिठ्ठी. बुलाऱ्यात वजनकाटा एकच, कचरा डेपोवरचा. तिथला बार्नी गेली वीस वर्षं लोकांच्या जुन्या गाद्या, कपाटं तोलून आत घेत होता.

“टाकायला आणलीस?” गाडी बघून त्याने विचारलं.

“वाळवंटात न्यायचीय.”

“म्हणजे टाकायला तिकडे नेणार. खाली उतर, मित्रा. आधी नुसता माल तोलू.” बार्नीने आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. “कायद्याने हिला दोन हजार नऊशे किलो चालतात. झालीय दोन हजार आठशे सोळा. चौऱ्याऐंशी उरले. तुझं वजन किती?”

“त्र्याऐंशी. बूट सोडून.”

“मग अनवाणी चालव. वहिनींना कुठे ठेवणार?”

डॉरीनचं वजन एकसष्ट होतं. लेस्टरने घरी येऊन टूथब्रशांच्या दांड्या कापल्या, बिस्किटांची वेष्टणं काढली, नकाशाचा समुद्राकडचा भाग कात्रीने वेगळा केला. एकूण एकशे नव्वद ग्रॅम वाचले. डॉरीन ओट्याला टेकून हे बघत होती.

“फ्रिज काढ ना,” ती म्हणाली.

“फ्रिज काढला तर बॅटरी कशाला? बॅटरी नाही तर तक्ता कशाला? मग पलंग तरी कशाला?”

“तेच म्हणतेय मी.”

“अगं, पण मग त्या स्प्रिंगा! त्या जड मालासाठी आहेत. गाडी हलकी केली तर दर खड्ड्यात बेडकासारखी उडेल. स्प्रिंगा दाबून धरायलाच तर फ्रिज लागतो.”

“आणि मी कशाला लागते?”

लेस्टरने यादी पाहिली. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे तिचं प्रयोजन लिहिलेलं होतं. डॉरीन यादीत नव्हती. त्याने वाहनबदल कक्षाला फोन लावला. तिकडे जोसलिन नावाची मुलगी होती, आवाजाने अतिशय मदत करणारी.

“लेस्टर, तुमच्या पत्नी मूळ गाडीबरोबर आल्या होत्या, की नंतर बसवल्या?”

“आमचं लग्न गाडीच्या आधीचं आहे.”

“मग बदलात धरता येणार नाही. सामानात धरावं लागेल. पण एक मार्ग आहे. शेजारचं आसन काढलंत तर तिथला माणूस आपोआप निघतो. आसनाचे बावीस किलो वाचतात, शिवाय माणसाचं वजन धरायचा प्रश्नच उरत नाही. बरेच लोक हेच करतात.”

लेस्टरला तोडगा पटला. त्याने आसन काढलं आणि रिकाम्या जागेत वीस लिटर पाण्याचा डबा पट्ट्याने बांधला. डब्याला पट्टा अगदी बरोबर बसला. तीन आठवड्यांनी दाखला आला. त्या तीन आठवड्यांत काठ आणखी दोन किलोमीटर आत गेला होता. लेस्टरने दाखला मोठ्याने वाचायला घेतला आणि नवव्या अटीवर थांबला. ‘एवढ्या सामानासह वाळवंटात नेल्या जाणाऱ्या वाहनात सुरक्षिततेच्या कारणास्तव किमान दोन प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक आहे.’

“जोसलिन, माझ्या गाडीत आसन एकच आहे,” तो फोनवर म्हणाला.

“हो, मंजुरी आमचीच आहे. अभिनंदन!”

“मग दुसरा प्रौढ बसणार कुठे?”

“ते आसन कक्ष सांगेल. पण तिथल्या मॅडम दोन आठवडे रजेवर आहेत. तलाव बघायला गेल्यात.”

लेस्टरने विचारलं, “कुठल्या गाडीने?”

“बसने.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉरीनने आपली छोटी पांढरी गाडी बाहेर काढली. ही गाडी ती बाजारहाटाला आणि चर्चला वापरायची. तिने मागे एक गादी टाकली, थर्मास ठेवला, पाण्याच्या बाटल्या, सँडविचचा डबा आणि दोन घडीच्या खुर्च्या ठेवल्या. मग ती लेस्टरच्या गाडीपाशी आली. लेस्टर खाली आडवा होऊन काहीतरी आवळत होता. बाहेर फक्त पाय दिसत होते. ती पायांशी बोलली.

“तलावापर्यंत खडीचा चांगला रस्ता आहे म्हणे. येतोस? शेजारची जागा मोकळी आहे.”

“त्या गाडीने?” पाय म्हणाले. “त्या गाडीला दुसरी बॅटरीसुद्धा नाही!”

“पहिली चालते, लेस.”

“चारच आठवडे थांब. अपील केलंय मी.”

“पाणी तीनच आठवडे पुरेल.” ती थोडा वेळ उभी राहिली. पाय हलले, पण बाहेर आले नाहीत. मग पांढऱ्या गाडीचा दरवाजा लागला.

चौथ्या दिवशी तिचा फोटो आला. पाणी, पाण्यावर पांढरे ठिपके, आणि काठावर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर थर्मास होता. खाली लिहिलं होतं: ‘तुझी जागा धरून ठेवलीय.’

लेस्टरने तो फोटो खूप वेळ बघितला. अंगणातल्या गाडीच्या कापडी छपराखाली तो बसला होता, हातात अगदी चार अंशांपर्यंत गार केलेली बिअर. फ्रिज खरोखर उत्तम होता. त्याने किल्ली उचलली, उठला, आणि तेवढ्यात टपालातून अपिलाचा निकाल आला, चार आठवड्यांऐवजी चौथ्याच दिवशी.

त्यात लिहिलं होतं की अशी असंख्य प्रकरणं आल्यामुळे राज्यभरासाठी वाहनांचा एक नवा वर्ग करण्यात आला आहे: ‘प्रवाससज्ज (स्थिर)’. या वर्गाला वजनाची मर्यादा नाही, उंचीची नाही, आसनांची नाही. नोंदणी निम्म्या किमतीत. अट एकच, वाहन फाटकाबाहेर जाता कामा नये.

निम्म्या किमतीत हे वाचल्यावर लेस्टर पुन्हा खाली बसला. किल्ली त्याने फ्रिजवर ठेवली. समोरच्या घरातही कुणीतरी तसाच लिफाफा फोडत होतं, त्याच्या शेजारीही. लेस्टरने पेन काढलं आणि अर्ज भरायला घेतला. सहप्रवासी: डॉरीन पिंगेल. सहप्रवासी सध्या कुठे आहे: यावर तो बराच वेळ अडला, मग त्याने लिहिलं, ‘तलावावर’.

शेवटचा रकाना पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात होता. ‘चौदा: हा अर्ज दुसऱ्याचा समजून जी व्यक्ती इथपर्यंत हसत वाचत आली असेल, तिने न झालेल्या सहलीसाठी आपल्या घरात घेऊन ठेवलेल्या वस्तूंची यादी खाली द्यावी. जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.’