चापावरचं बोट

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा तिच्या गाडीची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. मुलगी दवाखान्यातून बोलत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि आधी चार्जर बंद केला. बॅटरी चार्जिंगला असताना घराबाहेर पडायचं नाही, हा तिचा नियम होता. मग चपला घालून तो निघाला. एका पायात तिची चप्पल होती, हे त्याला दवाखान्याच्या लिफ्टमध्ये कळलं.

गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी शर्यतीची गाडी, हातभर लांबीची. ती शिलाईकाम करायची. अशा गाड्यांच्या क्लबचा तंबू फाटला म्हणून तो शिवायला गेली, आणि तिथे कुणाची तरी गाडी चालवून आली. पुढे स्वतःची घेतली. तो फरशी बसवणारा. सुट्टीच्या दिवशी गुडघे शेकत बसायचा आणि ती घरी आली की “जिंकलीस?” एवढं विचारायचा. बहुतेक वेळा ती जिंकलेली असायची.

काही दिवसांनी क्लबचा सेक्रेटरी भेटायला आला. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत.

“वहिनींचं फार वाईट झालं,” तो म्हणाला. चहा संपवला, घसा खाकरला. “आत्ता विचारू नये, पण विचारावं लागतं. त्यांच्या सात नंबरचं काय करायचं?”

क्लबमध्ये जागा मोजक्या. हंगाम सुरू होताना प्रत्येक नंबरच्या गाडीने पाच फेऱ्या मारून दाखवायच्या, कडेच्या पाइपाला न लागता. जमलं नाही तर नंबर रांगेतल्या पुढच्या माणसाला.

“नंबर तिच्याच नावावर राहील,” तो म्हणाला. “गाडी मी चालवतो.”

“तुम्ही?”

“का? मला हात नाहीत?”

“तसं नाही हो. नियमात बसतं. फक्त रांगेत पहिलं नाव कुणाचं आहे, ते ठाऊक आहे ना?”

“कुणाचं?”

“तुमच्या मेव्हण्याचं.”

मेव्हणा चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीतलं कळत असे. सरावाच्या पहिल्याच दिवशी तो घडीची खुर्ची घेऊन मैदानावर हजर झाला. मैदान म्हणजे जुन्या बाजाराचं पार्किंग. सरळ रस्त्यावर गाडी गुणी लेकरासारखी गेली. मोठं वळण आलं आणि तिची मागची बाजू अशी बाहेर फेकली गेली की ती गर्रकन फिरून त्याच्याकडेच तोंड करून उभी राहिली. जणू ‘काय काम होतं?’ असं विचारत होती.

“भाऊजी, मागचे टायर गुळगुळीत झालेत,” मेव्हणा म्हणाला. “मागचे बदला.”

त्याने विचार केला. रांगेतला पहिला माणूस आपल्याला फुकट सल्ला देतो आहे. याच्या पोटात काय असेल? त्याने पुढचे बदलले. आता गाडी वळणावर दोनदा फिरू लागली.

“अहो, मी मागचे म्हणालो होतो.”

“ऐकलं मी.”

“बरं, मग मागची स्प्रिंग तरी मऊ घाला.”

त्याने कडक घातली. मग मात्र वळण नुसतं दिसलं तरी गाडी बिथरायची. शेवटी त्याने स्वतःचं डोकं चालवलं. मागची बाजू उडते म्हणजे ती हलकी असणार, या हिशोबाने त्याने ग्रॅनाइटचा एक तुकडा गाडीच्या शेपटाला चिकटवला. चिकटवायला टाइलचा मसाला वापरला, त्यामुळे तो आता जन्मात निघणार नव्हता. या वेळी गाडी फिरली नाही. ती वळलीच नाही. सरळ पाइपावरून उडून गेली ती शिट्टीच्या थर्मासवर.

“सात नंबर!” शिट्टी ओरडला. “चहा होता त्यात!”

गाडी घरी आणून त्याने छिन्नीने ग्रॅनाइट उडवला, त्याबरोबर मागचा बंपरही उडाला. मग स्वयंपाकघरात तिची परीक्षा सुरू झाली. ओट्यापासून सोडली की गाडी हळूहळू डावीकडे, मागच्या दाराकडे ओढली जायची. सापडलं! स्टीअरिंगच वाकडं आहे! त्याने रिमोटवरचं बटण फिरवत फिरवत ती नाकासमोर पळेल अशी केली. दुसऱ्या दिवशी मैदानात गाडी उजवीकडे गेली ती गेलीच.

“भाऊजी, रागावू नका,” मेव्हणा जपून म्हणाला, “पण तुमच्या घरची फरशीच वाकडी असेल.”

शिट्टीने नवा थर्मास उचलून मांडीवर घेतला.

“माझी फरशी?” तो म्हणाला. “अर्ध्या गावाच्या फरश्या मी बसवल्यात. आजवर कुणाच्या घरात गोटी गडगडली नाही!”

“मी कुठे काय म्हणालो? लेव्हल लावून बघा एकदा.”

मेव्हण्याला खोटं पाडायला म्हणूनच त्याने घरी जाऊन लेव्हल लावली. बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला. तेव्हा त्याला आठवलं. ढाळ त्यानेच दिला होता. तिला बादलीने पाणी ओतून फरशी धुवायला आवडायचं. “पाणी आपलं आपण मागच्या दाराने गेलं पाहिजे, मी ढकलत बसणार नाही,” असं तिने बजावलं होतं.

त्याने लेव्हल उचलून बाजूला ठेवली. मग उठून हातोडा घेऊन आला.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा निम्मं स्वयंपाकघर खणलेलं होतं, शेगडी पलंगावर होती आणि डाळीच्या डब्यात गाडीचे स्क्रू होते.

“बाबा, हे काय आहे?”

“गाडीचं स्टीअरिंग लावतोय.”

“फरशी फोडून?”

“सपाट जागा नको का? आता ही पट्टी लेव्हलमध्ये बसवली की खरं काय ते कळेल.”

मुलगी पलंगावरच्या शेगडीशेजारी बसली. “जेवायचं कुठे?”

“बाहेर जाऊ. येताना सिमेंट घेऊ.”

नवी पट्टी वाळल्यावर गाडी तिच्यावरून दोऱ्यासारखी सरळ गेली. मैदानातही सरळ गेली. टायर आणि स्प्रिंगही त्याने निमूटपणे मेव्हणा म्हणाला होता तशा बदलल्या. “मी सांगत होतो,” असं मेव्हणा एकदाच म्हणाला, पण ते दिवसभर पुरलं. तरीही मोठं वळण आलं की गाडीची मागची बाजू निसटायचीच.

पाच फेऱ्यांच्या परीक्षेच्या सकाळी शेवटचा सराव चालू होता. मेव्हणा आणि शिट्टी गाडीकडे बघत होते. मुलगी बापाच्या हाताकडे बघत होती.

“बाबा, वळणात तुम्ही बोट का सोडता?”

“कुठलं बोट?”

“रिमोटच्या चापावरचं, वेगाच्या. वळण आलं की तुम्ही घाबरून बोट एकदम उचलता, आणि गाडी तेव्हाच फिरते. आई वळणाच्या आधीच वेग कमी करायची. वळणात बोट हलवायची नाही.”

त्याने पुन्हा चालवून पाहिलं. बोट उचललं गेलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा उचललं गेलं. बोट काही त्याचं ऐकायला तयार नव्हतं.

“सात नंबर!” शिट्टी वाजली.

“तुझं केसांचं रबर दे,” तो मुलीला म्हणाला.

त्याने चाप थोडासा दाबला आणि रबराचे वेढे घालून बोटासकट बांधून टाकला. गाडी निघाली. वेग बेताचा, पण एकसारखा. मोठं वळण आलं. बोटाने उचलायची धडपड केली, रबराने ऐकलं नाही, आणि गाडी पाइपाच्या कडेकडेने अशी सुरेख वळली की मेव्हणा खुर्चीवरून उठला. दुसरी फेरी. तिसरी. चौथीला मुलीने त्याचा सदरा घट्ट धरला. पाचवी पूर्ण झाली आणि शिट्टी वाजली.

“झाल्या! सात नंबर पास! थांबवा गाडी.”

“थांबवता येत नाही.”

“म्हणजे?”

“गाठ पक्की बसलीय.”

मुलगी नखांनी रबर सोडवायला लागली. पुढच्या नंबरवाला कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. गाडी आपली फेऱ्या मारत होती, एकीसारखी एक.

“राहू दे,” तो मुलीला म्हणाला. “राहू दे गं जरा.”

तिने हात काढून घेतले. शिट्टीने शिट्टी तोंडाशी नेली आणि न वाजवता खाली घेतली. बॅटरी संपेपर्यंत सगळे उभे राहून बघत होते.

“वहिनींची गाडी अशीच जायची,” शिट्टी म्हणाला.

“आणि मी अजून रांगेतच,” मेव्हणा म्हणाला, आणि चष्मा काढून पुसत बसला.

सात नंबर तिच्या नावावर राहिला. बंपर नवा बसला. शेगडी ओट्यावर परत गेली. फक्त मागच्या दाराकडची फरशी अजून बसवलेली नाही. ढाळ ठेवायचा की नाही, ते त्याचं ठरत नाही.