जुळे सोलापूरच्या बागेतील लोखंडी ठाणी सिद्धम्मांनी सर केली त्याची हकीकत

श्रीसिद्धरामेश्वर समर्थ. जुळे सोलापुरातील बागेत प्रातःकाळी जो संग्राम जाहला, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. कोणाची भीड धरिली नाही आणि पराभूतांची नावे झाकिली नाहीत.

मातुश्री सिद्धम्मा, साठी उलटलेल्या, मूळच्या मंद्रूपच्या, पुत्र मल्लेश याचे घरी राहात. पती धुळाप्पा एचआयव्हीच्या आजाराने लिंगैक्य जाहले आणि तो आजार मातुश्रींच्या अंगीही राहिला. परंतु गोळ्या नेमाने घेतल्याने विषाणू बहुत वर्षे नजरकैदेत होता. मग पुत्राने व सुनेने मायेपोटी ऐसा बंदोबस्त केला की मातुश्रींनी पाण्याचा तांब्याही उचलू नये, आणि मातुश्री खुर्चीत बसल्या त्या बसल्याच, आणि गुडघ्यांनी बंड केले, आणि कंबर फितूर जाहली. हे कळताच सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीण देवयानीबाई यांचे फर्मान सुटले की, गोळ्यांनी आयुष्य राखिले, आता हाडे व स्नायू राखणे तुमचेकडे. या आजारात ती लवकर झिजतात, सबब रोज चालावे, हातपाय हलवावे, हयगय न करणे.

मग मातुश्री पदर खोचून, सुनेचे जुने बूट पायी चढवून बागेत दाखल जाहल्या. तेथे कसरतीची लोखंडी यंत्रे होती आणि त्यांवर हास्य मंडळाचा अंमल चाले. मंडळाचे सरनौबत गोपाळराव, बँकेतून निवृत्त, सायकलच्या यंत्रावर खासे आरूढ होत आणि पायडल न मारिता देशाच्या कारभाराची मसलत करीत. मातुश्री बाजूस तिष्ठत राहिल्या, कोणी उठेना. इतक्यात मंडळाच्या प्रेमलाबाई यांच्या भाचीने मातुश्रींस दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत पाहिले, आणि ती बातमी दूध तापायच्या आत कॉलनीभर पोहोचली.

दुसरे दिवशी मातुश्रींनी सायकलच्या दांड्यास हात लाविला मात्र, गोपाळराव ऐसे उतरले की एक चप्पल रणांगणीच राहिली. प्रेमलाबाईंनी पर्समधून सॅनिटायझरचा तोफखाना बाहेर काढिला. हा आजार हात लावल्याने होत नाही हे मंडळातील तमाम पदवीधरांस पाठ होते. परंतु ते पाठांतर परीक्षेपुरते होते.

मातुश्री घरी आल्या आणि सुनेस ऐकू जाऊ नये म्हणोन न्हाणीतला नळ सोडून रडल्या. मग तोंड धुतले आणि मनी आणिले की, गनीम आपणहून पळतो आहे तर पळवावा. पुढील सकाळी खांद्याच्या चाकास बोट लाविले, चाक मोकळे. पाय ढकलण्याच्या खुर्चीस बोट लाविले, खुर्ची मोकळी. आणि ऐसे एकेक ठाणे घेत मातुश्रींनी दरोबस्त मुलूख काबीज केला. बारूद नाही, तलवार नाही, शत्रूच्या अकलेवरच सारी भिस्त.

परंतु मुलूख मिळाला तरी त्यात माणूस नाही. समोरासमोर दोघांनी बसून पाय मारायचे एक यंत्र होते. त्यावर मातुश्री एकट्या बसत आणि समोरची बैठक रिकामी हले. त्याच बागेत शरणबसव नामे गृहस्थ, कॉलेजातील निवृत्त कारकून, काठी टेकीत येत आणि मंडळाच्या बाकावर बसून राहात. दवाखान्याच्या रांगेत ते मातुश्रींच्या पुढे-मागे असत आणि देवयानीबाईंचे फर्मान त्यांसही होते. परंतु बागेत ते ओळख देत नसत. मातुश्रींनीही दिली नाही. आपण हाक मारिली तर त्यांचे घर चव्हाट्यावर येईल हे त्या जाणून होत्या; तरी मनास लागतच होते.

मग गोपाळरावांनी बाकापाशी खलबत भरविले आणि प्रेमलाबाईंस वकील करून पाठविले की, बाईंनी दुपारी यावे, बाग तेव्हा मोकळी असते. महिना वैशाखाचा आणि ऊन सोलापूरचे. दुपारी त्या लोखंडावर भाकरी भाजून निघावी.

मातुश्री म्हणाल्या, "दुपारी तुमी या की. मला काय, मी हितं हलाय आलीय, बसाय न्हाय."

वकील माघारी गेले. गोपाळराव संतप्त होऊन हुकूम करिते जाहले की, बाईंस मज्जाव करावा, ज्यांस मान्य असेल त्यांनी हात वर करावा. हात वर जाहले. शरणबसवांचा जाहला नाही. ते काठीवर भार देऊन उठले. बाकापासून यंत्रापर्यंतचे अंतर मोठे नव्हते, परंतु त्या गृहस्थांनी ते ऐसे चालून काढिले की तमाम फौजेचे वर गेलेले हात आपसूक खाली आले.

"अक्का, पाय सरका की जरा," ते म्हणाले आणि समोरच्या बैठकीवर बसले.

मातुश्रींनी हळूच विचारिले, "अण्णा, समद्यांसमोर?"

"व्हय. लई दिवस बसलो तिकडं." मग मंडळाकडे वळून ते मोठ्याने वदले, "मी बी त्याच गोळ्या खातो. तुमच्यात येतोय तवापासून खातोय."

आता हास्य मंडळाची रीत ऐसी की, हसून जाहल्यावर शेजाऱ्याच्या तळहातावर टाळी द्यावी. आणि शरणबसवांचे शेजारी सदैव गोपाळराव. गोपाळराव आपला तळहात उलटसुलट पाहात राहिले. प्रेमलाबाईंचा हात पर्सेत गेला आणि तिथेच राहिला, कारण इतक्या वर्षांच्या टाळ्या पुसावयास तेवढी बाटली पुरणार नव्हती.

त्यानंतर मंडळाची निम्मी फौज दुसऱ्या बागेत परागंदा जाहली. राहिलेल्यांपैकी प्रेमलाबाई प्रथम चाक पुसून फिरवू लागल्या, मग पुसावयाचे विसरू लागल्या. गोपाळरावांनी माफी मागितल्याची नोंद कोठे आढळत नाही. शरणबसवांच्या सुनेने त्यांचे ताट निराळे मांडिले, ते देवयानीबाईंनी जातीनिशी घरी जाऊन एकत्र करविले.

येणेप्रमाणे बाग फत्ते जाहली. शरणबसव चार पाय मारून दम खावयास थांबले, तेव्हा विजयी मातुश्रींनी जो पहिला हुकूम फर्माविला तो ऐसा: "थांबलात काय अण्णा, मारा की पाय!" हुकमाची तामिली जाहली. लेखनसीमा.