ओटिस नोव्होटनीचं सभासदत्व

गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय आहे, हे शास्त्राला अजून सांगता आलेलं नाही. टपालाने संगीत पुरवणाऱ्या क्लबला मात्र ते नेमकं ठाऊक आहे: त्याला आणखी एक कॅसेट हवी आहे.

पद्धत अत्यंत उदार आहे. कार्डावर एक पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, चिकटवून पाठवायची. बारा कॅसेट घरपोच. पुढे दर महिन्याला क्लब आपल्या पसंतीची कॅसेट सुचवतो. नको असेल तर उलट टपाली तसं कळवायचं. न कळवल्यास कॅसेट येते, आणि पाठोपाठ पूर्ण किमतीचं बिल. (नकाराचं कार्ड मुदत संपल्यावरच पोचतं, हा टपालखात्याचा दोष.)

नेब्रास्कातल्या आमच्या गावात माणसं एकशे चाळीस आणि सभासद दोनशे सहा आहेत. उरलेले कुत्रे. शेजारच्या मायलो नोव्होटनीने स्वतःच्या बारा कॅसेट मिळाल्यावर पुढच्या बारा ओटिसच्या नावाने मागवल्या. ओटिस शिकारी जातीचा, पण स्वभावाने गरीब. त्याने आयुष्यात कशालाच नकार दिलेला नाही. क्लबने त्याला 'मानाचा श्रोता' असं प्रशस्तिपत्रक दिलं. (मायलोला अजून मिळालेलं नाही.)

मग ओटिसच्या नावे वकिलाची नोटीस आली. थकबाकी भरा, नाहीतर जप्ती.

"त्याचं काय जप्त करणार? हाडं?" मायलो म्हणाला.

"आपली गाडी," त्याची बायको आर्लीन म्हणाली. "पत्ता आपला आहे, शहाण्या! महिनाअखेरपर्यंत त्याचं नाव काढ, नाहीतर मी चालले आईकडे. ओटिसला घेऊन."

शेवटचे दोन शब्द मायलोला लागले.

त्याने क्लबला लिहिलं: ओटिस कुत्रा आहे. उत्तर आलं: क्लब सभासदांत भेदभाव करत नाही, राजीनामा सभासदाने स्वतः सही करून पाठवावा. मायलोने ओटिसचा पंजा शाईत बुडवून कागदावर उमटवला. क्लबने तो परत केला. सही मूळ अर्जावरच्या सहीशी जुळत नव्हती.

शेवटी नियमांतच वाट सापडली: नवा सभासद मिळवून देणाऱ्याची थकबाकी माफ आणि सुटका.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मायलो आलुबुखाराचं सारण भरलेले 'कोलाचे' नावाचे गरम गोड पाव घेऊन माझ्याकडे आला.

"व्हेल्मा, तुझं नाव दिलं तर चालेल ना गं?"

माझ्या तोंडात घास होता.

ओटिस आता मोकळा आहे. आर्लीन घरीच आहे. माझ्याकडे अकॉर्डियनच्या कॅसेटचा एक खण भरला आहे, आणि सुटकेसाठी मला फक्त एक नवा सभासद हवा होता.

तुम्ही इथपर्यंत आलात. मध्ये एकदाही 'नको' म्हणाला नाहीत.

पेनी मी चिकटवली आहे.